कागदं घेऊन ये

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पेपरात एक फोटो येतो. पत्र्याचं घर, दारात माय-बाप, मध्ये पेढा धरलेलं पोरगं. मथळा ठरलेला : मोलमजुरी करून मिळवले ब्याण्णव टक्के. मग सत्कार होतो. शाल, नारळ, एखादी सॅक. अशा सत्काराला मला हमखास बोलावतात, कारण मी मास्तर आहे आणि मीही खेड्यातून असाच शिकून वर आलो, असं लोकांना वाटतं. वीसेक वर्षं मी त्या स्टेजवर उभा राहून सांगत आलो की गरिबी आड येत नसते, जिद्द पाहिजे.

हे मी खोटं सांगत होतो. गरिबी आड येते. ती जून महिन्यात येते, आणि तिची तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलेली असते.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं, शिरूर ताजबंदच्या बाजूचं. चार एकर रान, त्यातलं एक खडकाळ. मृग निघाला की घरात पैशाचा विषय काढायची सोय नसे. बियाणं, खताची गोणी, सालगड्याची उचल नाही तरी रोजंदारी, बैलाला काही झालं तर डॉक्टर. मूग-उडीद पोळ्याच्या मागं-पुढं हाती यायचा. सोयाबीन आमच्याकडं नंतर आलं, ते दसरा-दिवाळीला. तूर संक्रांतीला. म्हणजे कुणब्याच्या घरात वर्षातून पैसा यायचे जे दोन-तीन दिवस असतात, त्यातला एकही जूनमध्ये नाही. आणि कॉलेजची फी, खोलीचं डिपॉझिट, मेसची आगाऊ रक्कम, पुस्तकं, एसटीचा पास, सगळं जूनच्या शेवटच्या आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. शेतसारा वसूल करणारं सरकारसुद्धा पीक निघायची वाट पाहायचं. कॉलेज पाहत नाही.

१९९४च्या जूनमध्ये मी नांदेडला आलो. प्रवेशाचे फॉर्म भरले तेव्हा आमचं विद्यापीठ औरंगाबादचं होतं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. आम्हाला वाटलं, विद्यापीठ दाराशी आलं, आता शिक्षण स्वस्त होणार. विद्यापीठ जवळ आलं हे खरं. कागद मात्र तितकेच राहिले.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. तसं ते एकच कॉलेज नव्हतं, त्या काळात सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच चालायचं.

खोलीत आम्ही दोघं. माझा रूमपार्टनर लोह्याकडच्या एका गावाचा. त्याचंही नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. तो मला 'पाटील' म्हणायचा. चार एकरवाला पाटील, त्यातला एक खडकाळ, हे त्याला माहीत होतं, म्हणून मुद्दाम. त्याचा बाप गेलेला, माय रोजानं जायची. रान नव्हतं.

माझा डबा गावाकडून एसटीनं यायचा. ज्यानं मराठवाड्यात कॉलेज केलंय त्याला हे सांगावं लागत नाही. माय पहाटे चारला उठून भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधून दादा फाट्यावर नेऊन नांदेड गाडीत ठेवायचे. स्टँडवर गाडी लागली की आम्ही दहा-वीस पोरं टपावर आणि सीटखाली डबे शोधायचो. प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटनं नाव. गाडी बंद पडली की त्या दिवशी उपास. ठेचा-भाकरी संध्याकाळपर्यंत टिकायची, उन्हाळ्यात भाजी आंबायची. तरी मी सुखी होतो, कारण माझा डबा रोज यायचा. त्याचा आठवड्यातून तीनदा. ज्या दिवशी मायला काम नाही त्या दिवशी ती माऊली पीठ कुठून आणणार? आम्ही एकत्र खायचो. हिशेब कुणी ठेवला नाही. पण मी मनातल्या मनात ठेवला होता, हे आता कबूल करतो.

कारण त्याला 'स्कॉलरशिप' होती. भारत सरकारची, मॅट्रिकोत्तर. मला नुसती ईबीसी, म्हणजे फीमध्ये सूट. हातात एक रुपया नाही. वर्ग चालू असताना शिपाई दारात येऊन मोठ्यानं ओरडायचा, "बीसी स्कॉलरशिपवाले, ऑफिसला चला." सात-आठ पोरं खाली मान घालून उठायची आणि उरलेला वर्ग त्यांच्याकडं बघायचा. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "जावायांचा मानपान आला." मीही हसलेलो आहे. माझा डबा खाऊन ह्याला वर सरकारचे पैसे, असं माझ्या मनात आलेलं आहे.

ते पैसे त्याला मिळालेच नव्हते. ऑफिसला बोलवायचे ते कागद अपुरे आहेत हे सांगायला. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा आहे. टीसीवर जात आहे, दाखल्यावर पोटजात नाही. तलाठ्याची सही आहे, तहसीलदाराचा शिक्का पुसट आहे. बाबू मान वर न करता म्हणायचा, "कागदं घेऊन ये." एका कागदासाठी लोह्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, एक बुडालेला दिवस, आणि तलाठी त्या दिवशी सज्जावर असेल तर नशीब.

मधल्या काळात जगायचं कशावर? कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना होती. आम्ही दोघांनी नाव दिलं. सकाळी साडेसहाला झाडांना पाणी, आळी करणं, गवत काढणं, कार्यक्रम असला की खुर्च्या लावणं. लायब्ररीतलं काम मागितलं तर ते ओळखीच्या पोरांना आधीच दिलेलं. तासाला तीन रुपये. तेही वाईट नव्हते, पण मिळाले कधी? मंजुरी वरून यायची होती. जुलै-ऑगस्टचं काम, पैसे जानेवारीत. एकदा एका पदाधिकाऱ्याच्या घरच्या लग्नात आम्हाला पंगत वाढायला नेलं आणि ते तास योजनेच्या रजिस्टरवर लिहिले. जेवण मिळालं म्हणून आम्ही खूष होतो.

दिवाळीनंतर तो संध्याकाळी मोंढ्यात जायला लागला. पोती उचलणं, झाडलोट, चाळणी मारणं. तिथला मुकादम शिवराळ, पण दिवे लागले की हातावर रोख पैसे ठेवायचा. कुणी त्याच्याकडं उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. ज्या संस्थेच्या भिंतीवर श्रमप्रतिष्ठेचं वाक्य रंगवलेलं होतं ती सहा महिन्यांनी पैसे द्यायची, आणि ज्याला श्रमप्रतिष्ठा हा शब्द माहीत नव्हता तो त्याच दिवशी द्यायचा. माझ्या मित्राच्या शिक्षणाचा खरा आश्रयदाता तो मुकादम होता. पण मोंढा पाठ मोडतो. रात्री दहाला खोलीवर आला की तो पुस्तक उघडायचा आणि त्याच्यावरच झोपायचा.

दुसऱ्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली. त्याची परीक्षा फी सरकार भरणार, हे सगळ्यांना माहीत. तरी बाबू म्हणाला, आधी भर, मंजूर झालं की वापस मिळेल. तारीख गेली, मग विलंब शुल्क लागलं, मग अतिविलंब शुल्क. माझ्याजवळ तेव्हा पैसे होते. तुरीचे आले होते, दादांनी पुढच्या महिन्यासाठी म्हणून जास्त दिले होते. त्यानं मागितले नाहीत. मी दिले नाहीत. एका रविवारी तो गावाकडं जातो म्हणून गेला तो भोसरीलाच गेला, गावातल्या एकाबरोबर, कंपनीत.

त्याचा चेक ऑगस्टमध्ये आला. बाबूनं मला बोलावून सांगितलं, तुझ्या पार्टनरला निरोप दे, सही केल्याशिवाय वळता होणार नाही. तो रात्रभर ट्रॅव्हल्सनं आला. मागची थकबाकी कापली, कसलीशी देणगी कापली, आयकार्डाचे आणि मॅगझिनचे पैसे कापले. जे वर्ष त्यानं पुरं केलं नाही त्या वर्षाचं मॅगझिन. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करून सातशे का साडेसातशे रुपये त्याच्या हातात पडले. स्टँडसमोर त्यानंच मला चहा पाजला आणि म्हणाला, "पाटील, दोन दिवसांचा खाडा अन् येणं-जाणं धरलं तर ह्यातलं निम्मं गेलं बघ. पुढच्या बारीला आलं तर तूच ठोक माझी सही." आणि हसला. रात्रीच्या गाडीनं परत गेला.

सरकारदप्तरी तो लाभार्थी आहे. अजूनही कुठल्या तरी रजिस्टरात त्याच्या नावापुढं रक्कम आणि सही सापडेल. पैसे दिले नाहीत असं कुणालाच म्हणता येणार नाही.

'कमवा आणि शिका' हे नाव ज्यांच्यामुळं महाराष्ट्राला ठाऊक झालं त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो आमच्या ऑफिसात होता, हार घातलेला. १९१९ला रयत शिक्षण संस्था, १९२४ला साताऱ्याचं बोर्डिंग, १९४७ला छत्रपती शिवाजी कॉलेज, जिथं गरिबाचं पोर अंगमेहनत करून राहील, जेवील आणि शिकेल अशी तजवीज होती. त्या बोर्डिंगात दाणे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा पोरांच्या जेवणासाठी दिलं. ही गोष्ट आपण दर जयंतीला डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण तिच्यातला मुद्दा सोडून देतो. मुद्दा असा की पोरं त्या दिवशी संध्याकाळी जेवली. लक्ष्मीबाईंनी त्यांना कागदं घेऊन या म्हटलं नाही, प्रस्ताव पाठवलाय, मार्चपर्यंत धीर धरा म्हटलं नाही. आणि कर्मवीरांच्या पोरांचं काम हे त्यांच्या स्वतःच्या शेतात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या इमारतीवर होतं. आमच्याकडं त्या योजनेची झाली खुर्च्या लावायची योजना.

कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट आहे, आता सगळं ऑनलाइन आहे. मी त्याच ऑनलाइनच्या टेबलावर बसतो. लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात नोकरीला आहे, प्रवेश समितीत आहे. योजना वाढल्या, हे मान्य. २०१६-१७ला स्वाधार आली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या पोरांना तेव्हा शहराच्या दर्जानुसार वर्षाला ४३ हजारांपासून ६० हजारांपर्यंत. त्याच सुमाराला पंजाबराव देशमुखांच्या नावानं निर्वाहभत्ता आला. अल्पभूधारकाच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या लेकराला सुरुवातीला मोठ्या शहरात ३० हजार, बाकी ठिकाणी २० हजार होते. २०२४ला व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची फी माफ झाली. कागदावर पाहिलं तर कुणी पोर पैशावाचून मागं राहायला नको.

पण हे पैसे कधी येतात ते विचारा. पोर्टल उघडतं उशिरा. मग आधार बँकेला जोडलेलं नाही. मग फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला पडून. तिथं तो तपासणारा पोरगा स्वतः तासिका तत्त्वावरचा, त्याचंच मानधन वर्षानं येणार, तो कुणाच्या पोटाची घाई करणार? मग फॉर्म 'सेंड बॅक'. पूर्वी बाबू म्हणायचा कागदं घेऊन ये, आता ते मोबाइलवर लिहून येतं. आणि २० हजार वर्षभर उशिरा मिळणं म्हणजे २० हजार मिळणं नव्हे. तेवढे पैसे बापानं शेकडा तीननं उचलले असतील तर वर्षाचं व्याज ७,२०० होतं. म्हणजे सरकारनं पोराला जे दिलं त्यातला तिसरा हिस्सा गावातल्या सावकाराला दिला.

लातूरला उद्योग भवनच्या बाजूला जाऊन बघा. ट्यूशनवाले फी आगाऊ घेतात, पण अडलेल्या बापाला हप्ते पाडून देतात, तारखा लिहून देतात. धंदा करणाऱ्याला कळतं की माणसाकडं पैसा एकदम नसतो. नुसतं कल्याण करायला बसलेल्यांना कळत नाही.

अमेरिकेत गरिबाची पोरं पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज म्हणतात त्या स्वस्त सरकारी कॉलेजात काढतात. तिथल्या पेल ग्रँटचा नियम असा की कॉलेजनं आपली फी वळती करून घेतली की उरलेली रक्कम चौदा दिवसांत विद्यार्थ्याच्या हातात द्यायची. कॉलेजात काम करून शिकायची योजना त्यांच्याकडं १९६४च्या कायद्यानं आली. तिच्यात किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही आणि महिन्यातून एकदा तरी पगार करावाच लागतो. तिथंही पोरं कर्जात बुडतात, फार कौतुक करायचं कारण नाही. पण तारीख कायद्यात लिहिलेली आहे. आपल्याकडं तारीख फक्त विद्यार्थ्याला असते. फॉर्मची शेवटची तारीख, कागदांची शेवटची तारीख, फीची शेवटची तारीख. सरकारनं पैसे द्यायची शेवटची तारीख मी आजवर कुठल्या बोर्डावर वाचली नाही.

ह्यावर माझे काही सहकारी म्हणतात, सर, फुकट मिळालं की किंमत राहत नाही, थोडे चटके बसले पाहिजेत. हे म्हणणाऱ्यांच्या पोरांचं डोनेशन कुठं आणि किती भरलंय ते मला माहीत आहे. चटक्यानं माणूस घडतो तर स्वतःच्या लेकराला का देत नाहीत? दुसरे म्हणतात, पोरं स्कॉलरशिपच्या पैशात मोबाइल घेतात. घेत असतील. दीड वर्षानं एकदम आलेला पैसा मोबाइलातच जायचा. दर महिन्याला आला असता तर मेसला गेला असता.

आणि आता माझं स्वतःचं. मागच्या वर्षी जुलैत एक पोरगी आईबरोबर आली. बारावीला चांगले मार्क, बी.एस्सी. करायचं होतं. आई गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, पेरणीवरून तशीच आलेली. उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला होता. माझ्यापुढं रांग होती, सर्व्हर बंद पडला होता, डोकं फिरलं होतं. मी मान वर न करता म्हणालो, "कागदं घेऊन ये."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय म्हणालो ते. मान वर केली तोवर त्या गेल्या होत्या. मी वाट पाहिली, ती पोरगी आली नाही. तिच्या अर्जावरचा नंबर लागत नव्हता. दुसऱ्या कॉलेजात गेली असेल, असं मी स्वतःला सांगतो. गेली असेलही.

म्हणून ह्या वर्षी मी सत्काराचं भाषण केलं नाही. कॉलेजात भांडून एवढंच करून घेतलं की दाखला असो नसो, प्रवेश आधी द्यायचा, कागदांना दिवाळीपर्यंत मुदत. परीक्षा फीसाठी आम्ही आठ-दहा जणांनी पगारातून एक डबा भरून ठेवलाय. ज्याचे मंजूर झाले त्यानं परत टाकायचे. आणि 'कमवा आणि शिका'च्या पोरांना खुर्च्यांऐवजी लायब्ररीत, प्रयोगशाळेत आणि ह्याच पोर्टलच्या टेबलावर काम द्यायचं, महिन्याच्या सात तारखेला पैसे, मंजुरी येवो न येवो. प्राचार्य म्हणाले, ऑडिटला काय दाखवायचं? मी म्हटलं, पोरं दाखवू. तात्पुरतं चाललंय. ऑडिट अजून यायचं आहे. हे एका कॉलेजात आठ-दहा मास्तरांनी पगारातून करायचं काम नव्हे, सरकारनं जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचं काम आहे. मे महिन्यात बियाण्याचं नियोजन होतं, खताचं नियोजन होतं, त्याच्या बैठका पालकमंत्री घेतात. लेकरांच्या फीच्या नियोजनाची बैठक कुणी घेतल्याचं मी ऐकलं नाही.

ह्या जूनमध्ये भोसरीहून फोन आला. तीस वर्षांत आवाज थोडा जाड झालाय, बाकी तोच. धाकट्या पोरीला लातूरला टाकायचं म्हणतोय, तिच्या आत्याकडं राहील.

"पाटील, फी किती अन् कवा भरायची ते सांग."

मी म्हटलं, "तिला स्कॉलरशिप आहे. फॉर्म मी स्वतः भरतो, स्वाधारचं पण बघतो."

"भर की. तिच्या हक्काचं हाय, सोडायचं कामून? पण त्येच्या भरवशावर नको ठिवू. मी ओव्हरटाइम धरलाय एप्रिलपासून. नगदी भरतो, पावती घे."

मी पावती घेतली. फॉर्म भरलाय. आज तो 'अंडर स्क्रुटिनी' दाखवतोय.